थकणारी वाणी : मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकाराचा विचार

उच्चारदोषांचा अभ्यास करताना दोष स्थिर असतो, असे आपण बहुधा गृहीत धरतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात तो बोलण्याबरोबर वाढतो आणि विश्रांतीनंतर ओसरतो. इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने १६७२ साली अशाच एका स्त्रीचे वर्णन केले आहे. दीर्घकाळ बोलल्यावर तिची वाचा बंद होई आणि तास-दोन तासांनी परत येई.

ज्याच्या वाणीस हा विकार जडला आहे, अशा रोग्यास मोठ्याने पन्नासपर्यंत अंक म्हणावयास सांगावे. आरंभीचे अंक स्पष्ट येतात. पुढे उच्चार सानुनासिक होऊ लागतो. मृदुतालू वर उचलला जाऊन नासिकामार्ग बंद होतो, म्हणूनच ‘ब’ आणि ‘म’, ‘द’ आणि ‘न’ यांतील भेद टिकतो. तो उचलणारे स्नायू थकले, की ‘बाबा’ हा शब्द ‘मामा’कडे आणि ‘दादा’ हा ‘नाना’कडे झुकतो.

याचे कारण मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संधिस्थानी आहे. तेथे एक सूक्ष्म फट असते. आवेग येताच तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य फटीत सुटते, स्नायूवरील ग्राहींशी संयोग पावते आणि स्नायू आकुंचित होतो. या विकारात बहुसंख्य रोग्यांचे शरीर स्वतःच्याच ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. ही प्रतिपिंडे काही ग्राही अडवितात, तर काहींचा नाश त्वरेने घडवितात. पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी १९७३ साली विद्युत-ईल माशाचे ग्राही सशांना टोचले, तेव्हा त्या सशांनाही दुर्बलता आली.

मग आरंभीचे अंक स्पष्ट का? आवेगांची मालिका लांबली, की प्रत्येक आवेगागणिक सुटणारे द्रव्य निरोगी माणसातही घटते. परंतु त्याच्यापाशी गरजेहून अधिक द्रव्य व ग्राही असल्याने ती घट जाणवत नाही. रोग्यापाशी ही शिल्लकच उरलेली नसते. मेरी वॉकर यांनी १९३४ साली लंडनमध्ये फायसोस्टिग्मीन वापरून रोग्याची शक्ती तात्पुरती परत आणली, ती याच ठिकाणी. त्या औषधामुळे ॲसिटिलकोलीनचे विघटन मंदावते व ते फटीत अधिक काळ टिकते.

यावरून अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. विसाव्यानंतर घेतलेली सुट्या शब्दांची नोंद अशा रोग्यास निर्दोष ठरवील आणि त्याची तक्रार ढोंगात जमा होईल. हाच विकार श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचल्यास प्राणावर बेतते. म्हणून पहिला शब्द ऐकून थांबू नये, शेवटचाही ऐकावा.