‘त्या गुरुनाथले कोणी मारत काहून नाही?’

2018 च्या पावसाळ्यातली गोष्ट. कामठीतल्या बिडी वळणाऱ्या एक बाई माझ्या ओपीडीत आल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, रक्तदाब 170/100. गोळी रोज घेता का, मीठ किती, झोप लागते का, असे नेहमीचे प्रश्न झाले. झोपेवर त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘‘झोप कुठची जी मॅडम. रात्री ती सिरियल पाह्यली का डोकं फिरते माहं. त्या गुरुनाथले कोणी मारत काहून नाही?’’

मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघी-तिघी हसल्या. मीही हसले. सिरियल बंद करा म्हणून सांगितलं, गोळीचा डोस वाढवून दिला आणि पुढचा नंबर पुकारला. त्या दिवशी ओपीडीत शंभराच्या वर पेशंट होते. हे कारण म्हणून सांगत नाही, कारण ते खरं कारण नव्हतंच. मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला, एवढंच.

गुरुनाथ कोण, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठीवर ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाली आणि 2021 पर्यंत चालली. बायकोला फसवणारा गुरुनाथ, त्याची मैत्रीण शनाया, आणि बायको राधिका. ही राधिका नागपूरची. अनिता दाते यांनी तिला आपल्या इकडची बोली दिली होती. टीव्हीवरची नायिका ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणते, याचं आमच्या भागात केवढं अप्रूप! त्यामुळे गुरुनाथ फसवत होता तो एका पात्राला नव्हे, थेट आपल्या गल्लीतल्या पोरीला. रात्री 8 वाजता कामठीतल्या कितीतरी घरांमधून त्याला एकाच वेळी शिव्या पडत असाव्यात.

हा प्रकार एका मालिकेपुरता किंवा एका भाषेपुरता नाही. कामठीत उर्दू बोलणारी वस्ती मोठी. 2014 मध्ये ‘जिंदगी’ वाहिनीवर ‘हमसफर’ ही पाकिस्तानी मालिका लागली, तेव्हा सुनेवर बदफैलीचा आळ आणणारी त्यातली सासू तपासणीच्या टेबलापर्यंत आली होती. आताच्या कॉलेजच्या मुली मोबाइलवर कोरियन मालिका पाहतात. शाळेत एका मुलीचा छळ करणाऱ्या टोळीची गोष्ट सांगणारी ‘द ग्लोरी’ पाहून रात्रभर झोपली नाही, अशी एक मुलगी तिच्या आईने माझ्याकडे आणली होती. भाषा कोरियन, मुलगी कामठीची, राग मात्र शंभर टक्के खरा.

खोटं आहे हे माहीत असताना राग खरा कसा येतो? मानसशास्त्रात यावर एक जुना आणि फार गमतीदार प्रयोग आहे. 1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मॅरिआन सिमेल यांनी एक छोटी फिल्म तयार केली. तीत माणूस नव्हता. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ, एका उघडझाप होणाऱ्या चौकटीच्या आतबाहेर फिरत होते. पहिल्या गटातल्या 34 विद्यार्थिनींना काय पाहिलं ते लिहायला सांगितलं. एकीने भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकी साऱ्यांना त्या हालचालींत जिवंत, इच्छा-आकांक्षा असलेली मंडळी दिसली. मोठा त्रिकोण तर अनेकींना दादागिरी करणारा वाटला. कागदाचा त्रिकोण खलनायक होऊ शकतो, तर भिवया उंचावणारा, चांगल्या घरातला, गोड बोलणारा नवरा का होणार नाही?

आपला मेंदू माणसांच्या हेतूंचा वास सतत घेत असतो. कोण आपलं, कोण परकं, कोण घात करील, हे ओळखण्यावर आपल्या पूर्वजांचा जीव अवलंबून होता. ही यंत्रणा आधी पेटते, आणि ‘अगं, ही सिरियल आहे’ असं सांगणारा मेंदूचा विचारी भाग जरा मागून येतो. तोवर ॲड्रिनॅलिन सुटलेलं असतं. छाती धडधडते, मुठी वळतात, रक्तदाब चढतो. थोड्या वेळाने तो उतरतोही. नुसत्या मालिकेने कोणाला कायमचा रक्तदाबाचा आजार जडत नाही, हे स्पष्ट सांगते, कारण घरोघरी सुना सासूला आणि सासवा सुनेला हेच ऐकवत असतात. नुकसान होतं ते मालिकेच्या आजूबाजूच्या गोष्टींनी: तीन-तीन तास बसून राहणं, टीव्हीसमोर नकळत दोन पोळ्या जास्त जाणं, लोणचं-पापड, लांबलेली झोप आणि विसरलेली गोळी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डॉल्फ झिलमन या अभ्यासकाने दाखवून दिलं की शरीरातली उत्तेजना मनापेक्षा सावकाश उतरते. आपल्याला वाटतं राग गेला, पण तो अंगात शिल्लक असतो, आणि पुढे जे काही घडेल त्याच्या खात्यावर जमा होतो. त्यात आपल्या मालिकांचा भाग नेमका ऐन कडेलोटावर संपतो. तोच चेहरा तीनदा दाखवतात, ढोल वाजतो, आणि जाहिरात. राग उतरायला जागाच नाही. मग साडेआठला नातवाने दुधाचा पेला सांडला, तर त्याच्या पाठीत बसणारा धपाटा निम्मा गुरुनाथचा असतो.

सिरियलचा राग बायकांनाच येतो, असं म्हणणाऱ्या पुरुषांसाठी एक प्रयोग बाजूला काढून ठेवला आहे. टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये लंडनमध्ये 16 पुरुष आणि 16 स्त्रियांना एक पैशांचा खेळ खेळायला लावला. समोरच्या दोघांपैकी एक सरळ खेळला, एक लबाडीने. नंतर त्या दोघांना वेदना दिली जात असताना या 32 जणांच्या मेंदूचं स्कॅन केलं. सरळ माणसाला दुखलं तेव्हा सगळ्यांच्याच मेंदूत कळवळा उमटला. लबाडाला दुखलं तेव्हा पुरुषांचा कळवळा पार ओसरला आणि बक्षीस मिळाल्यावर उजळतो तो भाग उजळला. स्त्रियांच्या मेंदूत तसं झालं नाही. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. तो लबाड खेळाडू मुळात लबाड नव्हता, संशोधकांनी सांगितलेली भूमिका तो करत होता.

म्हणजे आपण पुन्हा नटापाशीच येतो. पडद्यावरचा राग पडद्यावर राहिला तर कोणाचं काही बिघडत नाही. पण तो नटाच्या घरापर्यंत जातो. निळू फुले यांना पाहून गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या, असे किस्से महाराष्ट्रात अजून सांगितले जातात. हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता. तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला. पुढे डॉ. श्रीराम लागूंच्या सोबतीने नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कार्यकर्त्यांसाठी कृतज्ञता निधी उभा करणारा. पण पांढरी टोपी आणि तो घोगरा आवाज एकदा मनात बसला की माणूस पुसला जातो.

याला अडाणीपणा म्हणू नका. 1967 मध्ये अमेरिकेत जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू मांडायची हे लिहिणाऱ्याला नेमून दिलं होतं, हेही सांगितलं. तरी वाचणाऱ्यांना वाटलं, याचं मत थोडंफार असंच असणार. इस्रायलमधल्या ताल-ओर आणि पापिरमन यांनी 2007 मध्ये टीव्हीवरच्या नटांबाबत हेच दाखवलं. पात्राचा स्वभाव प्रेक्षक नटाला चिकटवतात. आपल्या मालिकेत तर याचा घरगुती पुरावाच मिळाला. शनायाचं काम आधी रसिका सुनील करत होत्या. मध्येच त्यांच्या जागी ईशा केसकर आल्या. चेहरा बदलला, आवाज बदलला. माझ्या ओपीडीतल्या बायकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग तोच सगळा राग या नव्या मुलीच्या नावावर चढवून दिला. पूर्वी हा राग बोटं मोडण्यावर भागायचा. आता तो मोबाइलवरून थेट त्या मुलीच्या खात्यावर, तिच्या आईवडिलांच्या उद्धारासकट जातो. शिवी लिहिताना क्षणभर थांबून तिचं खरं नाव आठवून पाहा. बहुतेकदा आठवत नाही.

सगळेच खलनायक शिव्या खातात असंही नाही. ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक म्हणजे उघड उघड दुष्ट माणूस, पण लोकांनी त्यांना आणि शेवंताला डोक्यावर घेतलं. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की गोष्टीच्या सुरक्षित अंतरावरून आपल्याला आपल्यातलाच काळा कोपरा न लाजता पाहता येतो. असेल. मला डॉक्टर म्हणून जास्त काळजी वाटली ती 2020 मध्ये आलेल्या ‘देवमाणूस’ची. 2016 मध्ये वाई तालुक्यात उघडकीस आलेल्या हत्यांवर बेतलेली ही गोष्ट, गावाचा विश्वास कमावलेल्या एका भोंदू डॉक्टरची. कोविडचे दिवस, लोक आधीच घाबरलेले. इंजेक्शनची सुई हातात घेतली की पेशंट अर्धवट थट्टेत विचारायचे, ‘‘मॅडम, देवमाणूस तर नाही ना?’’ मला राग यायचा. पण त्या मालिकेने एक गोष्ट बरोबर दाखवली. तो माणूस गावात सगळ्यांना हवासा होता. एरवी आपल्या खलनायकांना ओळखायला काहीच लागत नाही, ते दारात पाऊल टाकायच्या आधी त्यांचं संगीत येतं. घरातल्या माणसाला संगीत नसतं.

त्या बिडी वळणाऱ्या बाई महिन्याने परत आल्या. डोस वाढवूनही रक्तदाब 168. या वेळी त्यांना पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, न बोलता पुन्हा मोजला. बोलत बोलत मोजला की आकडा खोटा वर जातो. तरी तोच. गोळ्यांची पाकिटं मोजली, त्या घेत होत्या. सिरियल बंद केली का विचारलं, तर नाही म्हणाल्या. आणि मग सहज बोलाव्या तशा बोलून गेल्या, ‘‘मॅडम, त्याले शिव्या देल्या तर घरात कोणी काही म्हणत नाही ना.’’

नर्सबाईंना बाहेर थांबायला सांगून मी दार लावलं. पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही, आणि जे लिहिलं आहे त्यातले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एवढंच सांगते, की घरातल्या माणसाबद्दल एक अवाक्षर काढायची सोय नसलेल्या त्या बाईला रात्रीचा अर्धा तास तेवढा मोकळा होता. त्यात ती मोठ्याने, नवऱ्याच्या देखत, दुसऱ्या एका नवऱ्याला शिव्या देऊ शकत होती. आणि तोच अर्धा तास बंद करा, असा सल्ला मी दिला होता.

1984-85 मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागायची, तेव्हा हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली होती. मुकाट सोसणारी भागवंती ही आई, असं वागू नये हे कळावं म्हणून रचलेली होती. पण कितीतरी स्त्रियांना तीच आदर्श वाटली. मालिकेला आलेल्या सुमारे 4 लाख पत्रांनी अभ्यासकांना बराच विचार करायला लावला. लेखक काय लिहितो हे एक, आणि बघणारी ते कुठल्या घरात बसून बघते हे दुसरं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 29 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. ओपीडीत ‘घरी मारहाण होते का’ असं थेट विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं, त्यातून सोबत नवरा किंवा सासू असते. म्हणून न उतरणारा रक्तदाब, न जाणारी डोकेदुखी, न लागणारी झोप घेऊन बाई आली, की मी आता सोबतच्यांना बाहेर बसवते आणि विचारते, कोणती सिरियल पाहता? त्यातला कोण आवडत नाही? काहून? बऱ्याचदा सिरियलच निघते, आम्ही दोघी हसतो आणि काम संपतं. कधी कधी दुसरं काही निघतं. तेव्हा 181 ही महिला हेल्पलाइन आणि सखी केंद्राची माहिती चिठ्ठीवर लिहून न देता तोंडी सांगते. चिठ्ठी घरी सापडते.

त्या बाईंनी 181 वर फोन केला नाही. बहिणीला मात्र सगळं सांगितलं, आणि काही दिवस तिच्याकडे राहून आल्या. घर सुधारलं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सिरियल बंद करा हा सल्ला मी मागे घेतला आणि वेगळं सुचवलं: गाणं सुरू झालं की गोळी घ्यायची, न चुकता. पुढच्या भेटीत रक्तदाब 142/88. मी खूश झाले, पण पाकिटात चार गोळ्या जास्तीच्या उरल्या होत्या. विचारलं, या कशा राहिल्या?

‘‘रविवारी सिरियल नसते ना जी मॅडम.’’