गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे

लाटंबार्सेहून रोज बसने कॉलेजला येणाऱ्या आम्हा मुलींना घरून एकच उपदेश मिळतो: दिवेलागणीच्या आत घरी ये. उपदेश मायेचा आहे, पण तो पुरेसा नाही.

१९७२ साली महाराष्ट्रातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीने पोलीस ठाण्यातच आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार केली. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली. परंतु अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडून दिले. तेव्हा उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यातला मुद्दा. देशभर मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. आज केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती, असे कायदा मानत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, प्रसंग ओढवलाच तर ११२ क्रमांकावर फोन करा. गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. शक्यतो आंघोळ न करता, कपडे न धुता तडक इस्पितळात जा. सरकारी असो वा खाजगी, उपचार मोफत मिळतात. कॉलेजात छळ झाल्यास अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या.

आणि मित्रांनो, मुलगी गप्प राहिली म्हणजे ‘हो’ म्हणाली, असे समजू नका. घरोघरी हा उपदेश मुलग्यांनाही मिळायला हवा.