मोठ्या पडद्यावर जुनें चित्र

नवा टीव्ही घरांत आला, म्हणजे पहिले दोन दिवस कौतुकांत जातात. तिसर्‍या दिवशीं आजी विचारतात, "एवढे पैसे मोजले, मग माझी रोजची मालिका पूर्वीपेक्षां धूसर कां दिसते?" हडपसरास शेतांच्या जागीं मगरपट्ट्यासारख्या ज्या मोठाल्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील घरोघर हा प्रश्न निघतो, आणि दुकानदार "एचडी पॅक घ्या" एवढें सांगून मोकळा होतो. आजींचा प्रश्न रास्त आहे. दुकानदाराचें उत्तर मात्र अपुरें आहे.

पुण्यांत टीव्ही आला तो सिंहगडाच्या वाटेनें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें व पुढल्या वर्षीं सिंहगडावरील मनोर्‍यानें त्याचे कार्यक्रम पुण्यास पोंचविले. हडपसरच्या गच्च्यांवरील अँटेना त्या काळीं नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या असत. वारा सुटला कीं कोणी तरी वर जाऊन ती फिरवी, आणि खालून "आलें, आलें, गेलें!" अशा आरोळ्या उठत. चित्राचें जें माप त्या वेळीं ठरलें, तेंच साध्या वाहिन्यांचें आजहि आहे. एकंदर ६२५ ओळी, पैकीं प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. आणि अंकीय पद्धतींत प्रत्येक ओळींत ७२० ठिपके. नव्या एचडी पडद्यावर १०८० ओळी व प्रत्येकींत १९२० ठिपके असतात. गुणाकार करून पाहावा: एकीकडे ४,१४,७२० ठिपके, तर दुसरीकडे २०,७३,६००, म्हणजे बरोबर पांचपट! एका पानापुरती भाजी पांच पानांवर वाढावयाची, असाच हा प्रकार आहे. उरलेले चार ठिपके संच शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानें भरतो. जुनी कांचेची नळी स्वभावतःच मऊ चित्र दाखवी व आकारानेंहि लहान असे. म्हणून तिच्यावर चित्राचे दोष झांकले जात. नवा पडदा ते उघडे पाडतो.

यावर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे, आणि तो म्हणजे अंतर. साधें चित्र पाहावयाचें तर चित्राच्या उंचीच्या सुमारें सहापट दूर बसावें. एचडी चित्रास तिप्पट अंतर पुरतें. ४३ इंची संचाचें चित्र साधारण २१ इंच उंच असतें. म्हणजे साध्या वाहिनीसाठीं साडेदहा फूट अंतर हवें, तर एचडीसाठीं सव्वापांच फूटहि चालेल. ज्यांची बैठकीची खोली दहा फुटांची आहे, आणि ज्यांच्या घरीं दिवसभर साध्याच वाहिन्या चालतात, त्यांनीं ५५ इंची संचाचा हट्ट कां धरावा, हें आम्हांस उमगत नाहीं. ३२ इंची संच आठ फुटांवरून तेंच चित्र नेटकें दाखवितो.

दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. जुनें चित्र चारास तीन या प्रमाणांत असे. नवा पडदा सोळास नऊ आहे. मूळ आकार राखला तर दोन्ही बाजूंस मिळून पडद्याचा चौथा भाग काळा राहतो, आणि हा काळा भाग पाहून घरांतल्या कोणास तरी पैसे वायां गेल्यासारखें वाटतें. मग रिमोट घेऊन चित्र ताणण्यांत येतें. 'चिमणराव' मालिकेचे जे भाग आज पाहावयास मिळतात, ते असे ताणून पाहिले तर दिलीप प्रभावळकरांचा काटकुळा चिमणराव थेट गुंड्याभाऊच्या अंगलटीचा होतो, आणि बिचार्‍या बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊस तर दारांतून आंत येणें मुष्किल! चि. वि. जोश्यांचा विनोदच त्यांत बुडतो. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' असाच जवळजवळ चौकोनी आहे. तेथेंहि काळ्या पट्ट्या सुखानें राहूं द्याव्या. उलट, कांहीं वाहिन्या रुंद चित्र जुन्या चौकटींत बसवून पाठवितात व त्यामुळें चारी बाजूंस काळें दिसतें. तेथें मात्र 'झूम' करणें योग्यच होय.

तिसरी गोष्ट तारेची. नवा संच येतो, पण जुन्या पेटीची पिवळी-पांढरी-तांबडी तार तशीच त्यास जोडली जाते. पिवळ्या तारेंतून उजेड व रंग एकत्र मिसळून येतात आणि संचास ते पुन्हां वेगळे करतां येतातच असें नाहीं. म्हणून लाल शालूच्या कांठाशीं रंग ओघळल्यासारखा दिसतो. सेट-टॉप पेटीस एचडीएमआय तोंड असेल तर तीच तार वापरावी. नंतर पेटीच्या मेनूंत चित्राचें माप एकदां ५७६ व एकदां १०८० ठेवून, बातम्यांच्या खालीं सरकणारीं अक्षरें पाहावीं. ठिपके वाढविण्याचें काम पेटी चांगलें करते कीं संच, याचा निकाल पांच मिनिटांत लागतो.

संच दुकानांतून 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' या भडक रूपांत येतो. कारण तेथें त्याला शेजारच्या वीस संचांशीं स्पर्धा करावयाची असते. घरीं 'सिनेमा' अथवा 'मूव्ही' हें रूप निवडावें. 'शार्पनेस' नांवाचा गुण नांवाप्रमाणें चित्र स्पष्ट करीत नाहीं. तो नुसत्या कडा कोरतो. अक्षरांभोंवतीं पांढरी रेघ दिसत असेल तर ती नाहींशी होईपर्यंत तो कमी करीत जावा. 'नॉइज रिडक्शन' थोडें ठेवावें; जास्त केलें तर चेहरे मेणाचे होतात.

एवढें करूनहि क्रिकेटच्या मैदानावरील गवताचे चौकोन होत असतील, तर तो दोष आपल्या संचाचा नव्हे. एकाच उपग्रहमार्गांतून अनेक वाहिन्या दाबून पाठविल्या जातात, आणि जें वाटेंत गाळलें गेलें तें घरीं परत आणतां येत नाहीं. अशा कार्यक्रमापुरती एचडी वाहिनी घेणें हाच मार्ग.

सर्वांत नाजूक प्रकरण लग्नामुंजींच्या व्हिडिओ फितींचें. त्यांत आडव्या दिशेनें जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील असतो. पण गेलेल्या माणसांचा आवाज व चालणें तेवढ्यांतच उरलेलें असतें. या फितीवरील चुंबकीय लेप वर्षांगणिक झिजतो, आणि व्हीसीआर बनविणारा शेवटचा मोठा जपानी कारखाना तर २०१६ सालींच थांबला. म्हणून रूपांतर लवकर करून घ्यावें. तें करणारा "एचडी करून देतों" म्हणाला, तरी ७२० बाय ५७६ या मापांतील मूळ प्रतहि मागून घ्यावी व ती दोन ठिकाणीं ठेवावी. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर ती घरच्या यंत्रांत मुळींच घालूं नये. यंत्राचीं डोकीं खराब होतात आणि बुरशी पुढच्या फितीसहि लागते.