सेमी-हॉलो गिटारची दुरुस्ती : भोक मोठे करण्याआधी माप घ्या

रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीवर ज्या कारागिरांची घरे चालत होती, त्यांचे ते काम आता फारसे उरलेले नाही. पण सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर हाताळणाऱ्याला इलेक्ट्रिक गिटारचे काम शिकणे अवघड नाही. त्यातल्या सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ गिटारला हात लावायला मात्र बरेच जण कचरतात.

या जातीचा प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने 1958 साली काढलेली ईएस-335. तिच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा असतो आणि दोन्ही बाजू पोकळ असतात. वरच्या फळीला इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराच्या दोन खाचा असतात. मागे झाकण नसते. त्यामुळे दोन व्हॉल्यूम, दोन टोन, स्विच आणि जॅक हे सारे एफच्या खाचेतून किंवा पिकअपच्या जागेतून काढावे आणि बसवावे लागते.

पॉट खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा. कित्येकदा तेवढ्यावर भागते. नाहीच भागले तर नवा पॉट घ्या, पण जुना मोजून. अमेरिकन पॉटचा आटा 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मि.मी. असतो. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारांत 7 किंवा 8 मि.मी.चे छोटे पॉट असतात. शाफ्टवरचे दातेही वेगळे, एकात 24 तर दुसऱ्यात 18. म्हणून एकाची नॉब दुसऱ्यावर नीट बसत नाही. असा पॉट बसवायला भोक मोठे केले, तर वरची पातळ फळी चिरते, पॉलिश उडते आणि ते नुकसान भरून निघत नाही.

हंबकर पिकअपला साधारणपणे 500 के चे पॉट लावतात. 250 के लावल्यास आवाज दबतो. व्हॉल्यूमसाठी ऑडिओ टेपर, म्हणजे बहुधा 'ए' छापलेला पॉट घ्यावा. टोनचा कपॅसिटर 0.022 मायक्रोफॅरडचा. त्यात किंमत नव्हे, मूल्य पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सोल्डर, वायर, कपॅसिटर मिळतात, पण तिथला प्रत्येक पॉट गिटारला चालेलच असे नाही. जुना नग खिशात घेऊनच बाजारात जावे. ब्रिज बदलायचा असेल तर दोन खांबांमधले अंतर आणि खांबांची जाडी, दोन्ही मोजावीत.

काम असे करावे : काढण्यापूर्वी जोडणीचा फोटो घ्यावा. पुठ्ठ्यावर भोकांचा नकाशा उतरवून सर्व पॉट त्यात बसवावेत आणि सोल्डरिंग बाहेरच पुरे करावे. प्रत्येक शाफ्टवर घट्ट बसेल अशी प्लास्टिकची नळी लावून तिचे दुसरे टोक भोकातून वर घ्यावे आणि पॉट हळूच ओढावा. ब्रिजकडे किंवा टेलपीसकडे जाणारी अर्थिंगची वायर विसरू नये, नाहीतर गुणगुण थांबणार नाही. तारा चढवण्याआधी जॅक लावून पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर हलकेच टेकवून तपासावे.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. सुटे भाग आणि मजुरी यांचा हिशेब वेगळा सांगा. जुने भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. ती त्याची अमानत आहे. जुन्या चांगल्या गिटारची किंमत तिच्या मूळ भागांवर ठरते. दुकानदारांनीही प्रत्येक पॉटच्या पाकिटावर आटा, दाते आणि मूल्य लिहून ठेवावे. मापाचा माल मिळाला तर कारागीर दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही, आणि भोक न वाढवता काम झाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडे जाणार नाही.