एका इंचाला एक सूत

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी शतकभर सिंधुदुर्गासाठी रेल्वे होती ती घाटापलीकडे. बेळगावला ती १८८० च्या दशकात पोचली, कोल्हापूरला १८९१ मध्ये. वेंगुर्ले बंदरातलं सामान आणि शिरोड्याच्या मिठागरांतलं मीठ घाट चढून वर न्यायचं आणि वरचं धान्य, गूळ खाली आणायचा, हे काम मोटारी येईपर्यंत बैलगाडीनंच केलं.

ब्रिटनमध्ये रेल्वे कंपन्यांनी स्टेशनावरचा माल घरोघर पोचवण्यासाठी हजारो घोडे पाळले होते. त्या घोडागाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करणारे छंदिष्ट तिथं आजही आहेत. त्यांना कंपन्यांची जुनी रेखाचित्रं मिळतात, सुटे भागही तयार मिळतात. आपल्या गाडीचं मोजमाप मात्र गावच्या सुताराच्या डोक्यात होतं. म्हणून इथं कामाची सुरुवात करवतीनं होत नाही, टेपनं होते. एखाद्या मांगरात किंवा खळ्याच्या कडेला पडलेली खरी गाडी गाठायची आणि तिला वाळवी संपवण्याआधी ती मोजून घ्यायची.

चाकाचा व्यास एकमेकांना काटकोनात असा दोनदा मोजावा, कारण पडून राहिलेलं चाक बऱ्याचदा लंबगोल झालेलं असतं. आऱ्यांची संख्या, तुंब्याची, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याची लांबी, दोन चाकांमधलं अंतर, जुवाची लांबी लिहून घ्यावी. चाकाच्या बाहेरच्या अंगानं कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणून धरावी आणि मध्ये तुंब्याकडे आरे किती आत गेलेत ते पाहावं. काही गाड्यांची चाकं अशी किंचित खोलगट असतात. ही खोली मॉडेलात आली नाही, तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी खोटी दिसते.

मग प्रमाण ठरवायचं. मला एकास आठ हे प्रमाण सर्वांत सोयीचं वाटतं. आपले सुतार इंच आणि सूत या मापांत बोलतात, आणि आठ सूत म्हणजे एक इंच. त्यामुळे खऱ्या गाडीतला प्रत्येक इंच मॉडेलात एक सूत होतो. पाच फुटांचं चाक म्हणजे साठ इंच, मॉडेलात साठ सूत, साडेसात इंच. भागाकार नाही, दशांश नाहीत, आणि साध्या सुतारी टेपवर काम होतं.

लाकूड निवडताना पहिला मोह सागाचा होतो. खऱ्या गाडीला साग उत्तम, पण त्याचे रेषे जाड आणि छिद्रं मोठी. लाकूड आठपट लहान झालं तरी रेषा तेवढीच राहते आणि आऱ्यावर ओरखड्यासारखी दिसते. बारीक पोताचा हेद किंवा काळा कुडा घ्यावा. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची होत. पांगारा हलका आणि कोरायला सोपा, त्यामुळे बैल करायला छान, पण आऱ्याला तो फारच मऊ पडतो.

आता चाक. या कामाचा निम्मा जीव चाकात आहे, म्हणून इथं घाई नको.

तुंबा कातावर काढून घ्यावा. मूळ तुंबा दहा इंच जाड असेल तर मॉडेलचा दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. त्यावर बारा आऱ्यांच्या खुणा करण्यासाठी कोनमापक लागत नाही. कागदाची पट्टी तुंब्याभोवती नेमकी एक वेढा गुंडाळून कापायची. तिच्या तीन सारख्या घड्या घालायच्या, मग ती दोनदा अर्ध्यात दुमडायची. उलगडल्यावर बारा सारखे भाग मिळतात. पट्टी पुन्हा गुंडाळून प्रत्येक घडीवर टोचणीनं खूण करावी. खऱ्या तुंब्यात चौकोनी खाचा असतात. आठपट लहान कामात तिथं चार मिलिमीटरचं गोल भोक चालतं, कारण सांधा आऱ्याच्या खांद्याखाली झाकला जातो.

परिघ मात्र एका फळीतून कापू नये. एका तुकड्यातून गोल कडं कापलं की दोन ठिकाणी रेषे कड्याला आडवे येतात, आणि कडं तिथंच तुटतं. गावच्या सुतारानं परिघ पुठ्यांचा, म्हणजे वक्र तुकड्यांचा केला तो याचसाठी. बारा आऱ्यांना सहा पुठे, प्रत्येक पुठ्यात दोन आरे. मॉडेलातही तसंच करावं आणि प्रत्येक पुठ्यात रेषे लांबीच्या दिशेनं ठेवावेत. जुळणीसाठी प्लायवर पूर्ण आकाराचं वर्तुळ काढून त्यावर बारा रेघा आखायच्या, तुंबा मधल्या खुंटीवर बसवायचा. चाक खोलगट असेल, तर मोजलेल्या खोलीइतकी पट्टी परिघाखाली ठेवायची. आधी सगळे आरे तुंब्यात घालायचे आणि मग पुठे बाहेरून आत सरकवायचे. दोन आरे थोडे फाकलेले असल्यानं शेवटचा पुठा अडतो. तिथं हातोडी मारू नये, आऱ्याचं टोक कानशीनं किंचित उतरवावं.

यानंतर धाव. लोहार लोखंडी धाव लाकडी चाकापेक्षा मुद्दाम थोडी तोकडी करतो, शेणीच्या जाळात लाल करतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. लोखंड दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे बारा भाग वाढतं. पाच फुटी चाकाची धाव जवळजवळ १८८ इंच लांब असते. ती सहाशे अंशांनी तापली, तर सव्वा इंचाहून जास्त लांबते. थंड होताना ती तेवढीच आवळते, पुठे आऱ्यांवर आणि आरे तुंब्यात दाबून बसवते. चाकात डिंक नसतो, खिळे जेमतेम. सगळी पकड त्या आवळण्याची असते.

मॉडेलातही हे खरोखर करता येतं. धाव चिकटवणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो. फक्त इथं लाल तापवायची नाही, नाहीतर बारीक लाकूड जळेल. दोन सूत रुंद आणि अर्धा सूत जाड लोखंडी पट्टी वेल्डिंगवाल्याकडून जोडून घ्यावी, आणि कड्याचा आतला परिघ चाकाच्या परिघापेक्षा सुमारे एक मिलिमीटर कमी ठेवावा. गॅसवर सावकाश तापवावी. तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब न पसरता नाचू लागला की धाव दोनशे अंशांच्या आसपास आहे. ती तेवढ्यानं जेमतेम मिलिमीटरभर वाढते आणि चाकावर सरकते. लगेच ओलं फडकं लावावं. सांधे आवळल्याचा आवाज येतो, आणि हातात हलणारं चाक घट्ट होतं.

हे काम चैत्र-वैशाखात करावं. मालवण-वेंगुर्ल्याच्या पावसाळी हवेत लाकूड फुगतं. श्रावणात बसवलेला सांधा शिमग्यापर्यंत सैल पडतो, तर कोरड्या दिवसांत बसवलेला पावसात आणखी घट्ट होतो. खाऱ्या हवेत लोखंडाला गंज धरतो, म्हणून थंड झालेली धाव जरा गरम करून तिला जवसाचं तेल चोळावं. रंगही जुन्या लोखंडासारखा काळपट येतो.

बाकी गाडी चाकाच्या मानानं सोपी. दोन लांब दांड्या, त्यांच्यावर माल ठेवायची साटी, खाली आस, पुढं जू आणि त्याच्या शिवळा. गाडीला ब्रेकचं आडवं लाकूड असेल तर ते विसरू नये. घाट उतरणाऱ्या गाडीचा आणि माणसांचा जीव त्यावर असे. बैल जोडायचे असतील तर जात पाहावी. किनाऱ्यावरची कोकण कपिला ठेंगणी, घाटावरचा खिलार उंच. दुकानातला एखादा उंच बैल जुंपला, तर जू वर उचललं जातं आणि साटी मागं कलंडलेली दिसते.

दोरी हा शेवटचा अडसर. काथ्या इथं मुबलक, पण त्याचा तंतू लहान होत नाही. आठपट लहान गाडीवर तो जाडाभरडा दिसतो. बारीक सुती धागे पीळ घालून चहाच्या पाण्यात बुडवावेत. मिठाची पोती गोणपाटाची नकोत, जुन्या मलमलीची शिवून आत लाकडाचा भुसा भरावा.

पॉलिशची चमक देऊ नये. मालाच्या गाडीला ती कधीच नव्हती. पुढच्या दांड्यांखाली शिपाई, म्हणजे टेकूचं लाकूड उभं करावं, म्हणजे बैल नसतानाही गाडी सरळ राहते. साटीच्या खालच्या अंगाला गाव, मोजणीचं वर्ष आणि खरी मापं पेन्सिलीनं लिहावीत. शाई दमट हवेत फुटते.