फरशीखालचं वारं

मे महिन्यात मनीषनगरात राहणाऱ्याला हवेचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. खिडकीत कूलर बसवला, वाळ्याचे नवे पॅड लावले आणि समोरचं दार मात्र बंदच ठेवलं, तर खोलीत नुसता दमटपणा भरतो. थंड हवा तयार करणं वेगळं आणि ती हवी तिथं पोहोचवणं वेगळं. डेटा सेंटरवाल्यांना हाच प्रश्न बाराही महिने सतावतो.

तुमची रील, यूपीआय पेमेंट, ऑनलाइन निकाल, सगळं कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालतं. सर्व्हर जितकी वीज खातो, जवळपास तितकीच उष्णता बाहेर टाकतो. म्हणून अनेक डेटा सेंटरमध्ये फरशी फूट-दोन फूट उचललेली असते. एसी खालच्या पोकळीत थंड हवा ढकलतो आणि ती जाळीच्या टाइल्समधून सर्व्हरच्या रॅकसमोर वर येते.

आता सांगा, सगळ्यात जास्त हवा कुठल्या टाइलमधून येईल? एसीजवळच्या? अनेकदा तिथंच सगळ्यात कमी येते! एसीतून निघालेली हवा सुसाट धावत असते. वेग जास्त, म्हणून दाब कमी. पुढे ती मंदावते, दाब वाढतो आणि लांबच्या टाइल्स जोरात फुंकतात. कधी कधी तर एसीजवळची टाइल खोलीतलीच हवा उलटी खाली ओढते. मग तिथल्या रॅकमधले वरचे सर्व्हर मागची गरम हवा पुन्हा आत घेतात. अशा वेळी एसी आणखी थंड केला तर बिल वाढतं, दुखणं तसंच राहतं.

हा घोळ आधीच कॉम्प्युटरवर दिसावा, यासाठी मोलाचं काम केलं एका मराठी माणसानं. सुहास पाटणकर पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले, पुढे आयआयटी मुंबई आणि लंडनचं इम्पिरियल कॉलेज. १९७२मध्ये त्यांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासोबत 'सिम्पल' ही पद्धत मांडली. दाबाचा अंदाज घ्यायचा, त्यावरून वेग काढायचा, आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या हवेचा हिशेब जुळला नाही तर दाब दुरुस्त करायचा. जुळेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या पाटणकरांच्या कंपनीनं डेटा सेंटरसाठी 'टाइलफ्लो' हे सॉफ्टवेअर काढलं. पोकळी उंच केली तर? कमी भोकांच्या टाइल्स लावल्या तर? केबलची भोकं बुजवली तर? फरशी न उखडता उत्तर मिळतं.

नवी मुंबईत डेटा सेंटर झपाट्यानं उभी राहताहेत. हवेचं गणित चुकलं, तर फुकट जाणारी वीज आपल्याच राज्यातली. हे गणित येणाऱ्यांची गरज वाढणारच, मेकॅनिकलवाल्यांनो!

सुरुवात घरूनच करा. 'ओपनफोम' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्यात 'सिम्पल'वर चालणारा प्रोग्रॅमही आहे. आपल्याच खोलीचं मॉडेल बनवा: एक कूलर, एक खिडकी, एक दार. दार कुठं असलं की हवा पलंगापर्यंत पोहोचते, ते स्क्रीनवर बघा. मग खरं दार उघडून पडताळा.