पोट भरले, तरी मन का भरत नाही? आतडी आणि मेंदू भूक कशी ठरवतात

"डॉक्टर, खाण्यावर ताबाच राहत नाही." वजन वाढलेले अनेक रुग्ण हे वाक्य मान खाली घालून सांगतात. सोबत आलेले नातेवाईक लगेच म्हणतात, "जिभेला आवर घालायला सांगा." पण भूक ही केवळ जिभेची किंवा मनाची गोष्ट नाही. जठर, आतडी, शरीरातील चरबी आणि मेंदू एकमेकांना सतत निरोप देत असतात. कधी खायचे आणि कधी थांबायचे, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरते.

भूक कशी लागते?

जठर रिकामे असताना त्याच्या अस्तरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात जास्त प्रमाणात मिसळते. जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये ते शोधून काढले. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला ते 'आता खा' असा निरोप देते. जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी घ्रेलिन वाढते. वेळ टळून गेली की ते काहीसे उतरते. 'भूक मेली' असे आपण म्हणतो, त्यामागचे हे एक कारण आहे.

पोट भरल्याचे मेंदूला कसे कळते?

निरोप दोन मार्गांनी जातो. पहिला मार्ग व्हेगस या नसेचा. अन्नाने जठर ताणले की ही नस मेंदूला तशी सूचना देते. दुसरा मार्ग संप्रेरकांचा. अन्नातील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की सीसीके, तर आतड्याच्या पुढच्या भागातून प्रामुख्याने जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरके स्रवतात. ती 'आता पुरे' असे सांगतात.

या सगळ्याला साधारण 15 ते 20 मिनिटे लागतात. सात मिनिटांत ताट संपवणाऱ्याला हा निरोप मिळेपर्यंत दुसऱ्यांदा भात वाढून झालेला असतो.

वजन कमी केल्यावर भूक का वाढते?

चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक तयार करतात. शरीरात ऊर्जेचा साठा किती आहे, हे त्यावरून मेंदूला कळते. वजन घटले की लेप्टिन कमी होते आणि घ्रेलिन वाढते. मेंदूला वाटते, उपासमार सुरू झाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात वजन कमी केलेल्या लोकांमध्ये हे बदल एक वर्षानंतरही टिकून असल्याचे दिसले.

म्हणून कमी केलेले वजन पुन्हा वाढले, तर तो तुमचा आळस किंवा कमकुवतपणा समजू नका. महिन्याभराच्या कडक डाएटपेक्षा वर्षानुवर्षे निभावेल असा आहार हवा, तो याचसाठी.

भूक कमी करणारी इंजेक्शने

शरीरातील जीएलपी-1 काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइडसारखे औषध त्याचेच काम करते, पण आठवडाभर टिकते. काही रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता होऊ शकते आणि औषध थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू शकते. ओळखीच्या कुणी घेतले म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील, तर साखर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते.

घरी काय करता येईल?

- जेवणाला किमान 20 मिनिटे द्या. मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा.
- सुरुवात कोशिंबीर, उसळ किंवा घट्ट वरणाने करा. पुन्हा वाढून घेण्याआधी दहा मिनिटे थांबा.
- बिस्किटे, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स कमी करा. 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांवर झालेल्या एका अभ्यासात असे अतिप्रक्रियायुक्त अन्न मिळाल्यावर लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या.
- पुरेशी झोप घ्या. अपुऱ्या झोपेने भूक वाढू शकते.
- घरच्यांनी ताटावर टोमणे मारू नयेत. स्वयंपाकात बदल केला, तर जास्त मदत होईल.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- दोन आठवड्यांहून अधिक काळ भूक मंदावली असेल.
- प्रयत्न न करता वजन घटत असेल.
- दोन घास खाल्ल्यावरच पोट भरत असेल किंवा गिळताना त्रास होत असेल.
- शौचाला काळी होत असेल किंवा रक्त पडत असेल. अशा वेळी त्याच दिवशी दाखवा.
- भूक भरपूर असूनही वजन उतरत असेल. मधुमेह किंवा थायरॉइडची तपासणी लागू शकते.

घरातील आजी-आजोबांचे जेवण अचानक कमी झाले, तर 'वयामुळे होते' म्हणून सोडून देऊ नका. चालू असलेली औषधे, दातांचे दुखणे, नैराश्य किंवा एखादा लपलेला आजार त्यामागे असू शकतो. सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या.